वसतिगृह सोडावे लागलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे अल्पचरित्र

ज्ञातिसंस्थांच्या कार्यात विद्यार्थी-साहाय्यास नेहमीच मानाचे स्थान असते. होतकरू मुलास शिष्यवृत्ती द्यावी, पुस्तके द्यावीत, परगावी शिकावयास गेला तर राहण्याजेवण्याची सोय करावी, याविषयी ज्ञातीत सहसा दुमत होत नाही. परंतु आपल्या साहाय्याने शिकणाऱ्या तरुणाने उद्या वडीलधाऱ्यांस न रुचणारे वर्तन केले, त्याची सदसद्विवेकबुद्धी त्यास ज्ञातीच्या रिवाजाविरुद्ध घेऊन गेली, तर संस्थेने काय करावे? या प्रश्नास ज्यांच्या चरित्राने उत्तर दिले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जीवनाचा परिचय ज्ञातिबांधवांस व विशेषतः ज्ञातीतील तरुण-तरुणींस करून द्यावा, या हेतूने हा अल्पसा प्रयत्न केला आहे.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते. बदलीची नोकरी असल्यामुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. घराण्यातील वळण धार्मिक व सोवळ्याओवळ्याचे होते. पण या मुलास शाळेतील पाठांपेक्षा तालमीची माती अधिक प्रिय होती, आणि खेळगडी निवडताना तो जात विचारीत नसे. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापुरास पाठविण्यात आले व तेथील दिगंबर जैन बोर्डिंगात त्यांची सोय झाली.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर होय. खेड्यातील बहुजन समाजाचा मुलगा बुद्धीने कमी नसून त्यास शहरात पाय टेकावयास जागा नाही, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९०१ सालापासून त्यांनी एकेका समाजाच्या पुढाऱ्यांस हाताशी धरून, जागा व उत्पन्न देऊन, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ अशा अनेक समाजांची विद्यार्थी-वसतिगृहे उभी करविली. ज्ञातीच्या अभिमानाचा उपयोग विद्याप्रसारासाठी करून घ्यावा आणि विद्येने शहाणा झालेला तरुण पुढे ज्ञातीच्या भिंतीपलीकडे पाहू लागेल, असा विश्वास बाळगावा, हे त्यामागील धोरण होते. ज्ञातिसंस्थांनी हे ऋण विसरता कामा नये. या वसतिगृहांनी सहस्रावधी घरांत पहिला दिवा लावला.

परंतु या धोरणाची कसोटी लवकरच लागली. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या उद्घाटन-समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. स्नान करण्यास श्रम पडणार होते असे नव्हे. पण स्नान केले तर आपण विटाळलो होतो असे कबूल केल्यासारखे होईल, हे त्या विशीतील तरुणास पटेना. त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. बोर्डिंगाचे प्रमुख आण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः मोठे विद्वान व सुधारक वृत्तीचे गृहस्थ होते. तरीही ज्ञातीच्या संस्थेचा रिवाज त्यांना मोडवेना. शाहू महाराजांनी मात्र या तरुणास आपल्या आश्रयास घेतले व काही काळ भाऊराव राजवाड्यातच राहिले.

याच सुमारास एक अस्पृश्य विद्यार्थी शाळेच्या बाहेर बसून शिकत आहे, असे भाऊरावांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्यास घरी आणले, आपल्यासमवेत जेवू घातले व कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केले. हेच ज्ञानदेव घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलात अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून बसले. एका तरुणाने दुसऱ्या तरुणाचा हात धरला, तर त्याचा परिणाम कोठवर जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भाऊरावांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले नाही. मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. साताऱ्यास येऊन त्यांनी शिकवण्या सुरू केल्या व पाटील मास्तर या नावाने ते ओळखले जाऊ लागले. १९१० च्या सुमारास काही ध्येयवादी मित्रांसमवेत त्यांनी दुधगाव येथे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी-आश्रम काढला. स्वतःस वसतिगृह सोडावे लागल्यानंतर त्यांनी वसतिगृहाच्या कल्पनेस दोष दिला नाही. ज्यातून कोणासही अशा कारणासाठी बाहेर पडावे लागू नये, असे वसतिगृह काढणे हेच त्यांनी आपले उत्तर मानले.

१९१४ साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. कोल्हापुरातील बादशाही पुतळ्यास कोणी डांबर फासले व त्याचा संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्या कारकिर्दीत आपणांस वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. पण खोटी साक्ष देण्यास त्यांनी साफ नकार दिला व त्यासाठी तुरुंगवास सोसला. त्या यातना इतक्या असह्य झाल्या की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. तरी खोटा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. विशेष म्हणजे या प्रसंगाची कटुताही त्यांनी मनात धरली नाही. शाहू महाराजांस ते आयुष्यभर गुरुस्थानी मानीत राहिले.

पुढील काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून व नंतर साताऱ्याच्या कूपर कारखान्यात काम केले. नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसले असता त्यांना दिसे ते असे की, नांगर घेण्यास पैसा नाही, पैसा नाही कारण हिशेब कळत नाही, आणि हिशेब कळत नाही कारण पोरगा शाळेऐवजी गुरांमागे आहे. सत्यशोधक चळवळीचे संस्कार मनावर होतेच. त्यातूनच दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कराडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गांत विद्येची गोडी लावणे, गरिबांना विनामूल्य शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्पर प्रेम उत्पन्न करणे आणि अनिष्ट रूढी दूर करणे हे संस्थेचे हेतू ठरले. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह झाले.

१९२४ साली संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आले व तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी मुले एका पंक्तीत जेवत. चूल तीच पेटवीत, पीठ तीच मळीत, झाडलोट तीच करीत. शेतात खपावे, खडी फोडावी, इमारतीसाठी दगडमाती वाहावी आणि रात्री दिव्याभोवती बसून अभ्यास करावा, असा त्यांचा दिनक्रम असे. विद्यार्थी भाऊरावांस अण्णा म्हणत. अण्णांचा धाक मोठा होता, पण त्यांनी या मुलांस दयेचे अन्न कधी खाऊ घातले नाही. जो मुलगा स्वतःच्या श्रमावर शिकतो तो कोणाचाही मिंधा राहत नाही, आणि जो मिंधा नाही तोच समाजात मान वर करून आपले मत मांडू शकतो, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. आश्रयावर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मतास काय किंमत असते, हे त्यांनी १९०८ सालीच पाहिले होते. कमवा आणि शिका या योजनेचे मर्म येथे आहे.

या संसाराचा भार भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी आपल्या शिरावर घेतला. कर्मठ घरातून आलेल्या या साध्वीने सर्व जातींच्या मुलांस पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. वसतिगृहात धान्य संपले त्या वेळी एकेक करून अंगावरील दागिने गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे अकाली निधन झाले. संस्थेच्या इतिहासात देणगीदारांची नावे पुष्कळ आहेत, पण या माउलीच्या देणगीची सर कोणासही येणार नाही.

पुढील काळात कार्याचा विस्तार वेगाने झाला. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. येथून बाहेर पडलेले कोवळ्या वयाचे शिक्षक शाळा नसलेल्या खेड्यांत गेले. देवळात, धर्मशाळेत, झाडाखाली त्यांनी वर्ग भरविले. १९३८ सालापासून अशा शेकडो व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. कालपर्यंत ज्याच्या घरी अक्षर नव्हते, तो तरुण आज गावाचा मास्तर होऊन पारावरच्या चर्चेत मान मिळवू लागला. खेड्यातील तरुणांस समाजात आवाज मिळाला तो असा. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यास निघाले. १९५४ साली कराडच्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव देण्यात आले.

१९४८ साली सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद पडले. त्या कठीण काळात लोकांनी दिलेल्या मदतीवर व शिक्षकांच्या त्यागावर संस्था टिकून राहिली. गाडगेमहाराजांसारख्या संतपुरुषाने मध्यस्थी केली व पुढे अनुदान पूर्ववत सुरू झाले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने ज्यांस मॅट्रिकही होता आले नव्हते अशा या पुरुषास डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली व भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी दि. ९ मे रोजी कर्मवीरांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्ञातिबांधवहो, या चरित्रापासून आपण बोध घ्यावयाचा तो कोणता? ज्ञातीची वसतिगृहे व शिष्यवृत्त्या निरर्थक आहेत, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. जैन बोर्डिंगाने आसरा दिला नसता तर कुंभोजचा हा मुलगा कोल्हापुरात टिकला नसता. परंतु त्या आश्रयाबरोबर मुलाच्या बुद्धीवरही आपला हक्क आहे, असे संस्थेने मानले आणि तेथे ती एका थोर पुरुषास मुकली. ही चूक एका संस्थेची नव्हे. ती करण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. वार्षिक सभेत तरुणांनी सतरंज्या घालाव्या, पाहुण्यांस पाणी द्यावे, स्वागतगीत म्हणावे आणि ठराव मात्र वडीलधाऱ्यांनी करावेत, अशी रीत ज्या ज्ञातीत असेल, त्या ज्ञातीचे तरुण पुढे सभेस येईनासे झाले तर दोष कोणास द्यावा?

श्रम तरुणांकडून घ्यावे, तसा कारभारही त्यांच्या हाती द्यावा. विद्यार्थी-निधीचा हिशेब त्यांना ठेवू द्यावा, कार्यकारिणीत त्यांना जागा द्यावी, आणि त्यांचे एखादे मत आपणांस रुचले नाही तरी त्यांच्या ताटावर व शिष्यवृत्तीवर त्याची झळ पोहोचू देऊ नये. तरुणांनीही ध्यानात ठेवावे की, भाऊरावांनी रिवाज मोडला तो स्वतःच्या सुखासाठी नव्हे, आणि मोडल्यानंतर ते निषेध करून स्वस्थ बसले नाहीत. जे नव्हते ते उभारण्यात त्यांनी आयुष्याची पन्नास वर्षे वेचली.

ज्या मुलास एका पंक्तीतून उठावे लागले, त्याने सर्वांसाठी पंगत मांडली. त्या कर्मयोग्याच्या पावन स्मृतीस आपणां सर्वांचे विनम्र अभिवादन असो.