लोकशिक्षक श्री गाडगे महाराज

कीर्तन हे आपल्या देवालयांचे परंपरागत भूषण होय. या कीर्तनातून लोकांस आरोग्याचे शिक्षणही देता येते, हे ज्या सत्पुरुषाने स्वतःच्या आचरणाने सिद्ध केले, त्या श्री गाडगे महाराजांचे स्मरण या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट कुळात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. आम्हां हैदराबादवासीयांस हे सांगणे अगत्याचे की, त्या काळी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी नावापुरती सत्ता निजामाचीच होती. पिता मद्यपानापायी अकाली निवर्तले. दारूने घर कसे बुडते, हे डेबूजीने असे बालपणीच पाहिले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला.

तो काळ पटकी व प्लेगच्या साथींचा. रोग म्हणजे देवीचा कोप, असे मानून लोक कोंबडी-बकरी बळी देत. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे, अशा वेषात महाराज गावात शिरत आणि प्रथम रस्ते व गटारे झाडीत. रात्री कीर्तन होई. त्यात पांडित्य नसे; अस्सल वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि उत्तरही त्यांच्याच मुखातून वदवून घेत. अस्वच्छता, व्यसन, पशुहत्या व अस्पृश्यता यांवर ते कठोर प्रहार करीत. तरीही लोकांस ते परके वाटत नसत. कारण नामघोष त्यांचाच, भाषा त्यांचीच, आणि उपदेशकाने त्यांची गल्ली आधी स्वतः झाडलेली असे. त्यांच्या उपदेशाचा अधिकार खराट्यातून आलेला होता.

लोकांनी दिलेल्या द्रव्यातून त्यांनी पंढरपूर, नाशिक आदी क्षेत्री धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र अनिकेतच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. पुढे महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले.

आपल्या देवालयांतही सप्ताह होतात, कीर्तने होतात, महाप्रसादाच्या पंक्ती उठतात. पंक्ती उठल्यावर पत्रावळींचा ढीग प्रांगणात तसाच राहिला, तर कीर्तन ऐकून आपण काय मिळविले? उत्सवसमाप्तीस महाजनांपैकी ज्येष्ठांनी प्रथम खराटा हाती घ्यावा आणि मगच तरुणांस स्वच्छतेचा उपदेश करावा. महाराजांस हीच खरी आदरांजली ठरेल.