मायकेल फॅरडे : चुंबकातून वीज काढणारा लोहाराचा मुलगा आणि डोळ्यांपुढचे काजवे

पिंपरी पेंढारच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक तरुण शेतकरी आईला घेऊन आला. आईला बऱ्याच दिवसांपासून नैराश्य होते. दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही हवा तसा फरक पडला नव्हता, म्हणून पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी टीएमएस म्हणजे चुंबकीय मेंदू-उत्तेजन सुचवले होते. मुलगा घाबरला होता. या उपचारात माणसाला डोळ्यांपुढे उजेड दिसतो असे त्याने मोबाइलवर पाहिले होते. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. डोक्याला चुंबक लावला तर तिची नजर जाईल का, एवढेच त्याला विचारायचे होते.

या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी एका माणसाच्या आयुष्यापासून सुरू करावेसे वाटते. ते यंत्र ज्या नियमावर चालते तो मायकेल फॅरडे यांनी शोधला.

फॅरडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते आणि तब्येत साथ देत नसल्याने त्यांची कमाई बेताची होती. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढ्यावर मायकेलची शाळा संपली. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि सात वर्षे तिथे राहिला. बांधायला येणारी पुस्तके तो वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला आणि हाताशी आलेल्या वस्तूंतून छोटी उपकरणे करून पाहिली.

1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने व्याख्याने उतरवून घेतली, नीट लिहून काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली. लिहिता येईना म्हणून काही दिवस लेखनिक लागला आणि ते काम या पोराला मिळाले. पुढे मार्च 1813 मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला. दहा वर्षांनी, 1823 मध्ये, क्लोरीनवर काम करताना काचेची नळी फुटली आणि फॅरडे यांच्याही डोळ्यांत काचा गेल्या. डोळे वाचले. त्या काळी प्रयोगशाळेत डोळ्यांना खरी भीती होती ती स्फोटांची आणि काचांची. चुंबकाची नव्हे.

विजेच्या तारेजवळ चुंबकसुई हलते हे 1820 मध्ये कळले होते. विजेतून चुंबकत्व मिळते, तर चुंबकातून वीज का मिळू नये, हा प्रश्न फॅरडे यांनी जवळजवळ दहा वर्षे सोडला नाही. अधूनमधून प्रयोग करत आणि प्रत्येक वेळी हात हलवत परतत. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली, दुसऱ्याजवळ सुई ठेवली. बॅटरी जोडताच सुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी चालूच होती, पण सुई स्थिर. बॅटरी काढली तेव्हा ती पुन्हा हलली, यावेळी उलट दिशेने.

यात सगळे आले. चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलावे लागते. वाढताना किंवा कमी होतानाच शेजारच्या तारेत वीज उपजते. विहिरीवरची मोटार जळली की आपण ती वाइंडिंगला नेतो. ती तांब्याची वेटोळी, शेतातल्या डीपीच्या आतली वेटोळी, सगळी त्या कड्याचीच वंशज आहेत.

इथे डॉक्टर म्हणून थोडे विषयांतर. चुंबकाच्या गाद्या, पट्टे आणि कडी विकणारे लोक आपल्याकडेही फिरतात. स्थिर चुंबक अंगाला बांधून झोपलात तर फॅरडे यांच्या त्या सुईसारखीच अवस्था होते, काहीच हलत नाही. 1892 मध्ये अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत माणसाचे डोके मोठ्या स्थिर चुंबकीय क्षेत्रात ठेवून पाहिले, तेव्हा त्याला काहीही जाणवले नव्हते. अशा गादीवर हजारो रुपये घालवू नका.

फॅरडे यांचा संसार साधा होता. 1821 मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झाले, मूल झाले नाही. मुलांसाठी नाताळची विज्ञान व्याख्याने ते वर्षानुवर्षे देत राहिले. 1840 च्या आसपास मात्र तब्येत ढासळली. भोवळ येई, डोके दुखे, आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले, 1841 मध्ये विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जावे लागले. मनाच्या किंवा मेंदूच्या आजाराने घरी बसलेल्या माझ्या रुग्णांना मी हा भाग मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर 1845 मध्ये याच माणसाने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवले. जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशा चुंबकाने वळते. तो परिणाम काचेतल्या प्रकाशावरचा आहे, आपल्या नजरेवरचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून सांगितले.

1853 मध्ये लंडनमध्ये टेबलाभोवती बसून हात ठेवायचे आणि टेबल आपोआप फिरते असे मानायचे, हे खूळ पसरले होते. फॅरडे यांनी साधे उपकरण करून दाखवले की बसलेली माणसेच नकळत टेबल ढकलतात. लबाडी नव्हती, मनाची ओढ होती. आजही टीएमएसच्या चाचण्यांत काही रुग्णांना खरी कॉइल आणि काहींना टकटक आवाज करणारी खोटी कॉइल लावतात, ती याच कारणाने. खोट्या कॉइलनेही काहींना बरे वाटते. खरीने त्याहून अधिक जणांना वाटते, म्हणून 2008 मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी या उपचाराला परवानगी मिळाली. सगळ्यांना मात्र गुण येत नाही.

सरदारकीचा किताब आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारून फॅरडे 25 ऑगस्ट 1867 रोजी वारले. बदलत्या चुंबकाने डोळ्यांत उजेड दिसतो हे ठळकपणे पुढे आले ते त्यानंतर. 1896 मध्ये पॅरिसमध्ये दार्सोनव्हाल या डॉक्टरांनी सेकंदाला 42 वेळा दिशा बदलणारी 30 अँपिअरची वीज वेटोळ्यातून सोडली. त्यात डोके घातलेल्यांना उजेडाचे चमकारे दिसले, भोवळ आली, काही जण बेशुद्धही झाले. 1910 मध्ये फॅरडे यांचेच चरित्र लिहिणारे सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी लंडनमध्ये असाच प्रयोग केला. अंधारात, डोळे मिटूनही, मंद लुकलुकणारा उजेड दिसला. डोक्यात आपटल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, त्याच जातीची ही गोष्ट. बाहेर प्रकाश नसतो. बदलत्या चुंबकाने डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत सूक्ष्म वीज उपजते आणि मेंदू तिला उजेड समजतो. चुंबक बंद, उजेड बंद.

1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी मेंदूसाठीचे आजच्या पद्धतीचे यंत्र दाखवले. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ न टिकणारा, म्हणजे मिलिसेकंदाहून छोटा, पण जोरदार झटका जातो आणि कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरवरच्या पेशी जाग्या होतात. नजरेचे केंद्र डोक्याच्या मागच्या बाजूला असते. तिथे कॉइल धरली तर काजवे दिसू शकतात. 1989 च्या एका प्रयोगात अक्षरे दाखवून साधारण एक दशांश सेकंदाने तिथे झटका दिला, तर ती अक्षरे दिसलीच नाहीत. हा परिणाम क्षणापुरता होता. नैराश्यासाठी मात्र कॉइल कपाळाच्या वर, बहुधा डाव्या बाजूला ठेवतात. नजरेचे केंद्र तिथून दूर राहते.

त्या आईला मी हेच समजावले. मोतीबिंदूनंतर बसवलेली लेन्स प्लास्टिकची असते, तिची काळजी नको. काळजी असते ती धातूची. डोक्यात क्लिप, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र किंवा छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. घरात कुणी वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम केले असेल आणि डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा, कितीही जुने असो. पूर्वी आकडी आली असेल तर लपवू नका, कारण या उपचारातला सर्वांत गंभीर धोका आकडीचाच आहे. तो हजार रुग्णांत एकाहून कमी जणांना असतो. जागरण आणि दारू तो वाढवतात. कानात बोळे घालायला सांगतील, ते घालाच, आवाज मोठा असतो. डोके दुखणे, कपाळाचे स्नायू ओढले जाणे, पापणी फडफडणे हे होते आणि बहुधा पहिल्या आठवड्यानंतर कमी होते.

घरी आल्यावर चमकारे दिसत राहिले, डोळ्यापुढे नवे काळे ठिपके आले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर उपचाराचा परिणाम म्हणून थांबू नका. डोळ्याचा पडदा सुटण्याचीही हीच लक्षणे असतात. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आईचे उपचार झाले. पापणी फडफडली, काजवे एकदाही दिसले नाहीत. अडचण आली ती वेगळीच. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, आळेफाट्यावरून पुण्याला रोज कोण नेणार? शेवटी भोसरीच्या बहिणीकडे त्यांची राहायची सोय केली.