पेटीची मर्यादा आणि गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ - ९ ऑक्टोबर १९५५) यांचे नाव मराठी अभ्यासकाला निरनिराळ्या संदर्भांत भेटते. रंगभूमीच्या इतिहासात ते ‘मानापमान’चे संगीतकार असतात; बोलपटाच्या इतिहासात ‘अयोध्येचा राजा’मधील हरिश्चंद्र; आत्मपर वाङ्मयाच्या विवेचनात ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) आणि ‘माझा जीवनविहार’ (१९४८) या ग्रंथांचे लेखक. पेटीवादक ही त्यांची मूळ ओळख सर्वत्र पहिल्या वाक्यात सांगितली जाते आणि दुसऱ्या वाक्यापासून विसरली जाते. वास्तविक त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचा धागा या वाद्याशी, किंबहुना या वाद्याच्या उणिवेशी, बांधलेला आहे. पेटीला जे येत नाही त्याचे भान ज्या वादकाला सतत होते, तोच पुढे चाली बांधणारा आणि गाण्याविषयी लिहिणारा झाला.

ही उणीव नेमकी कोणती, हे स्वरपट्ट्यांच्या अन्य वाद्यांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. नाद लहान की मोठा हे बोटाच्या आघातावर ठरते आणि निघालेला नाद आपोआप विरत जातो. पेटीत बोटाला हा अधिकार नाही. पट्टी हळू दाबा वा जोराने, पितळी रीडवरून वाहणारी हवा तेवढीच असते. नादाचा चढउतार भात्याच्या हाती, आणि पट्टी दाबलेली आहे व हवा आहे तोवर सूर विरत नाही. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें यांनी १८४० साली ज्या हार्मोनियमचे एकस्व घेतले, ते खुर्चीवर बसून पायांनी भाता चालवण्याचे वाद्य होते. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. हिंदुस्थानात ते आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला बैठकीवर मांडता येईल असे आटोपशीर रूप दिले. भाता पाठीमागे गेला, डावा हात त्याला जुंपला गेला आणि वादनासाठी उजवा हात तेवढा उरला. एका हाताचे हे वाद्य युरोपीय स्वरसंवादाच्या दृष्टीने पंगू झाले, परंतु एकेरी स्वरावलीवर चालणाऱ्या आपल्या संगीताला नेमके तेच सोयीचे ठरले. पायपेटीत हात पुन्हा मोकळे झाले. ऑर्गनमध्ये तर हवेची दिशाच उलटली. तेथे हवा बाहेर फुंकली न जाता आत ओढली जाते, त्यामुळे नाद मऊ, गोल आणि सलग येतो. मराठी नाटकमंडळ्यांना ऑर्गनचे जे वेड लागले, त्याचे कारण या सलगपणात आहे.

टेंबे यांचे बालपण व तारुण्य कोल्हापुरात गेले. १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब हे तेथील गानरसिकांचे एकत्र येण्याचे ठिकाण होते, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाखाँ आल्यामुळे या शहरात जयपूर गायकीचे ठाणेच पडले होते. टेंबे यांनी पेटीचे रीतसर शिक्षण कोणाकडे घेतले नाही; हे वाद्य त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. यात वैयक्तिक कर्तबगारी आहेच, तथापि काळाचाही भाग आहे. सारंगीला घराणे होते, तालीम होती, बोटांच्या हालचालींची पिढीजात शिस्त होती. पेटी हे नवे, परके आणि विनाघराण्याचे वाद्य. तिला गुरू नव्हता, म्हणून तिचा गुरू गळाच व्हावा लागला.

हा गळा टेंबे यांना भास्करबुवा बखले यांच्या रूपाने लाभला. भास्करबुवांची (१८६९-१९२२) तालीम तीन ठिकाणची: बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ. अशा गवयाची संगत करणाऱ्याची कसोटी एका बैठकीत तीन वेगळ्या गायकींवर लागते. ग्वाल्हेरची सरळ, दमदार तान पेटीला फारशी जड जात नाही. तिचे स्वर सुटे व ठसठशीत असतात. आग्र्याच्या बोलअंगात अक्षरांचा आघात लयीशी खेळतो. तेथे बोटांपेक्षा भात्याची समज लागते, कारण आघाताचा आभास हवा क्षणभर रोखून आणि सोडूनच निर्माण करता येतो. जयपूरची गुंतागुंतीची, वळणे घेत जाणारी आकारयुक्त तान मात्र अवघड. स्वर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे ती कळू देत नाही, आणि पेटीत तर प्रत्येक स्वराला काठ असतो.

संगतकाराचे तंत्र या काठांभोवतीच फिरते. एका स्वराची पट्टी सोडण्यापूर्वी पुढच्या स्वराची पट्टी दाबली जाते. निमिषभर दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात आणि भाता हलका ठेवला तर कानाला जोडाचा भास होतो. शेजारच्या स्वराला ओझरते शिवून कण घेता येतो. खटका आणि मुरकी तर पेटीवर फार गोड उमटतात, कारण त्यांचे स्वर मुळातच तुटक व चपळ. मींड मात्र येत नाही. दरबारीच्या कोमल गंधाराचे आंदोलन दोन पट्ट्यांच्या मध्ये जेथे असते, तेथे पेटीत काहीच नसते. अशा ठिकाणी जाणता वादक गंधारावर रेंगाळत नाही. तो स्वर दाखवून दूर होतो आणि ती जागा गळ्यासाठी मोकळी ठेवतो. कोठे वाजवायचे नाही हे कळणे हा संगतीचा निम्मा भाग होय. शिवाय प्रत्येक गवयाचा षड्ज वेगळा. पांढरी एकमध्ये ज्या रागाची वाट बोटांना परिचित असते, तोच राग काळी चारमध्ये आला की हाताखालचा नकाशा सर्वस्वी बदलतो. अंगठा कोठे वळवायचा, करंगळी कोठे पोचवायची हे नव्याने ठरवावे लागते. ज्याने रागाचे चलन बोटांत घोकले आहे त्याची येथे फजिती होते. कानात राग असलेलाच निभावतो. भास्करबुवांच्या संगतीतून टेंबे यांनी हा कान कमावला, आणि अल्लादियाखाँची प्रत्यक्ष तालीम न मिळताही त्यांच्या गायकीचा खोल संस्कार ते याच बळावर घेऊ शकले.

पेटीवरील आक्षेप याच काळात तीव्र होत होते. तिची बारा सुरांची जुळणी युरोपीय समान विभागणीची. पंचम या विभागणीत जवळजवळ बिनचूक असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले तर फरक सुमारे दोन भागांचा. शुद्ध गंधार मात्र तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो, आणि तो जाणत्या कानाला टोचतो. यावर उपाय म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल (नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू) आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या गवयांनी तिच्या प्रामाण्याचा दावा अमान्य केला. हा वाद येथे विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की पट्ट्यांची संख्या वाढवूनही मूळ प्रश्न सुटत नव्हता. बावीस ठिकाणी थांबणारे वाद्यही दोन ठिकाणांमधून वाहू शकत नाही. टेंबे यांचा लौकिक बारा सुरांच्या साध्या पेटीवरच झाला.

‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. तोवर नाटकाच्या चाली नाटककारच योजत असे. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी साकी, दिंडी, कीर्तनातील चाली, स्त्रीगीते आणि कर्नाटकी वळणे यांतून आपले संगीत उभे केले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांना गाण्याची तशी जाण नव्हती, म्हणून चालींचे काम टेंबे यांच्याकडे आले. एका नाटकाचे संगीत स्वतंत्र संगीतकाराने समग्रपणे बांधण्याची प्रथा मराठी रंगभूमीवर येथून रुजली. टेंबे यांनी त्यासाठी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांच्याकडे पाहिले. मौजुद्दीन आणि गौहरजान यांच्या गाण्याचा तो काळ होता.

या निवडीमागे पेटीवादकाची दृष्टी आहे असे मानण्यास सबळ आधार आहे. पूरब अंगाची ठुमरी आणि पेटी यांचे नाते टेंबे यांच्या आधीच जुळले होते. ग्वाल्हेरच्या राजघराण्याशी संबंधित असलेले भैया गणपतराव (१८५२-१९२०) हे पेटीवर ठुमरी वाजवणारे आद्य कलावंत, आणि मौजुद्दीन त्यांच्याच परंपरेत घडलेला. मुरक्या, खटके, छोट्या स्वरसमूहांची नाजूक फेक हे या गायनप्रकाराचे अलंकार पेटीच्या पट्ट्यांवर सहज उतरतात. ख्यालाच्या विलंबित आलापीत ज्या वाद्याची कुचंबणा होते, त्याला ठुमरीत आपले घर सापडते. नटाला चाल पेटीवरून शिकवायची, मंडळीच्या गाड्यातून ती गावोगाव न्यायची आणि पेटीच्याच साथीने ती गावयाची, या व्यवहारातही असेच संगीत टिकणारे होते. पाच वर्षांनी भास्करबुवांनी ‘स्वयंवर’साठी (१९१६) रागदारी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला. गुरुशिष्यांच्या या दोन नाटकांतील फरक रुचीचा आहे तसाच वाद्याचाही आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक प्रश्न दिसतो. चाल आधी आणि शब्द मागाहून अशा क्रमाने पदे लिहिली गेल्यामुळे खाडिलकरांच्या पदरचनेत ओढाताण झाली, हा आक्षेप जुनाच आहे आणि तो निराधार नाही. ठुमरीच्या हिंदी बोलांत दीर्घ स्वरांची आणि सैल उच्चारांची जी मोकळीक असते, ती संस्कृतप्रचुर मराठी जोडाक्षरांत मिळत नाही. मुरकी जेथे पडते तेथे अक्षर अडखळते. या पदांना अर्थापेक्षा नादावर जगावे लागले. ती जगली, हे मात्र मान्य करावे लागेल. धैर्यधर उभा करणारे नानासाहेब जोगळेकर १९११ सालीच निवर्तले. तरीही ‘मानापमान’ची गाणी मागे पडली नाहीत, आणि १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी संयुक्त प्रयोग केला तो याच नाटकाचा.

१९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. रूप आणि आवाज असल्यामुळे ते नायकाच्या भूमिकाही करू लागले. दोनएक वर्षांत त्यांनी ही भागीदारी सोडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. मंडळीचा संसार हा कलावंताला खर्चात आणि कटकटीत ओढणारा असतो. त्या वर्षांतील घडामोडींपेक्षा त्यांनी बांधलेल्या चालीच अधिक टिकल्या. १९३२ साली प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्यांनी संगीतही दिले आणि हरिश्चंद्रही रंगवला. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. चित्रणाच्या वेळीच गाणे ध्वनिमुद्रित होण्याचे ते दिवस होते. एक्कावन्न वर्षांच्या नटाला गाणे आणि अभिनय एकाच दमात पेलावे लागे. प्रभात पुण्यास गेल्यावर तेथील संगीताची सूत्रे केशवराव भोळे यांच्याकडे गेली.

टेंबे लेखक म्हणून प्रकट झाले ते वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर. ‘माझा संगीत व्यासंग’ हा मराठीतील संगीतविषयक आत्मपर लेखनाचा महत्त्वाचा ग्रंथ होय, आणि त्यातील दृष्टी संगतकाराची आहे. गवयाच्या शेजारी बसून, पुढचा स्वर कोणता येईल याचा अदमास घेत ज्याने आयुष्य काढले, त्याला गायकीचे वर्णन करताना विशेषणांची फारशी गरज पडत नाही. आपल्याकडील संगीतलेखन पुष्कळदा भक्तिभावात विरघळते; टेंबे आदर बाळगूनही गाणे कसे घडते याकडे लक्ष ठेवतात. ज्या गोष्टी बोटांना सांगता आल्या नाहीत, त्या त्यांनी शब्दांना सांगायला लावल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर अल्पावधीतच, १ मार्च १९४० पासून, आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला. स्थिर सूर, मींडेचा अभाव आणि परकी जुळणी ही त्यामागची कारणे पेटीवादकांना अपरिचित नव्हती; टेंबे यांच्यासारख्याने तर त्यांवर मात करण्यात अर्धे आयुष्य घालवले होते. बंदी घालणाऱ्यांनी वाद्याचा दोष पाहिला, वादकाने त्या दोषावर योजलेले इलाज पाहिले नाहीत. मैफलींत, नाट्यगृहांत आणि कीर्तनांत पेटी वाजतच राहिली. टेंबे यांच्या निधनापर्यंत ही बंदी उठली नव्हती; सत्तरच्या दशकात ती शिथिल होत गेली.

अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांचे चरित्र टेंबे यांनी लिहिले व ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. कोल्हापुरातील तारुण्यापासून जी तान ते ऐकत आले होते, आणि जिचे काठ पेटीला कधीच पुसता आले नाहीत, तिच्या कर्त्याचे हे चरित्र म्हणजे टेंबे यांच्या अखेरच्या लेखनांपैकी एक. त्यानंतर वर्षभरातच, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.