भरतीची वेळ सांगणारी तिथीच चुकली तर? केरूनाना छत्र्यांनी कोष्टकंच नवी केली

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की तास मिळतो. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सोपं आहे, पण पंचांगातली तिथीच चुकली तर?

केरो लक्ष्मण छत्रे याच किनाऱ्यावरचे. जन्म अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी केली, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक त्यांचे विद्यार्थी.

तेव्हा पंचांगं 'ग्रहलाघव'वरून बनायची. १५२० च्या सुमाराचा हा ग्रंथ. तो लिहिणारे गणेश दैवज्ञही मुरुडजवळच्या नांदगावचे, म्हणजे शेजारचेच! पण साडेतीनशे वर्षांत फरक साचत गेला. ग्रह पंचांगात एकीकडे, आकाशात दुसरीकडे. जहाजांवरचं इंग्रजी नाविक पंचांग मात्र आकाशाशी जुळायचं.

केरूनानांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली. आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने १८६५ पासून नवं पंचांग निघालं, तेच पटवर्धनी पंचांग.

गणित बरोबर होतं, तरी घरोघरी ते पोचलं नाही. अधिक महिनाच वेगळा येऊ लागला, तर गणपती कधी बसवायचा?

१८८४ साली पुण्यात केरूनाना गेले. पंचांगाचा वाद पुढे त्यांच्या विद्यार्थ्याने, टिळकांनी हाती घेतला. आजचं टिळक पंचांग त्यातूनच आलं.