ऑटो लोवी

मज्जातंतूंची आज्ञा अवयवांस कशी पोहोंचते, हें कोडें सोडविणारे ऑटो लोवी यांचा जन्म ता. ३ जून १८७३ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं एका यहूदी व्यापाऱ्याच्या घरीं झाला. त्यांची ओढ कलेच्या इतिहासाकडे. वैद्यकाचा अभ्यास त्यांनीं घरच्यांच्या आग्रहास्तव केला. १९०९ सालीं ते ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें औषधिशास्त्राचे अध्यापक झाले.

मज्जातंतूंचें काम केवळ विजेनें चालतें, अशी त्या काळीं बहुतेकांची समजूत होती. ईस्टरच्या सुमारास एका रात्रीं लोवी जागे झाले, कागदावर कांहींतरी खरडलें व पुन्हां निजले. सकाळीं तें अक्षर त्यांचें त्यांनाच लागेना! सबंध दिवस तळमळण्यांत गेला. दुसऱ्या रात्रीं तोच विचार फिरून आला. तेव्हां मात्र ते तडक प्रयोगशाळेंत गेले. बेडकांचीं दोन हृदयें क्षारयुक्त पाणी भरून त्यांनीं चालतीं ठेविलीं. पहिल्याचा व्हेगस नांवाचा मज्जातंतु विजेनें चेतवितांच त्याची गति मंदावली. त्यांतील पाणी दुसऱ्यांत घालतांच तेंहि मंदावलें. म्हणजे मज्जातंतूंतून कांहीं रस पाझरत होता! १९२१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो रस ॲसेटिलकोलीन होय, असें पुढें ठरलें. इंग्लंडचे सर हेन्री डेल यांनीं त्याचे गुण १९१४ मध्येंच तपासले होते. १९३६ चें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें.

मार्च १९३८ मध्यें नात्झींनीं ऑस्ट्रिया घेतला व लोवी दोन मुलांसह कैदेंत पडले. प्राणांची शाश्वति नव्हती. पण रुखरुख लागली ती अप्रकाशित राहिलेल्या शेवटच्या प्रयोगांची. पहारेकऱ्याची मनधरणी करून त्यांनीं एक टपालकार्ड मिळविलें, त्यावर निष्कर्ष लिहून तें एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडलें, आणि मग त्यांचें मन शांत झालें. आमच्या मतें तें कार्ड नोबेल पदकाहून मोलाचें आहे. पारितोषिकाची रक्कम नात्झींच्या हवालीं केल्यावरच त्यांना देश सोडतां आला. १९४० सालीं ते न्यूयॉर्कला गेले व तेथेंच २५ डिसेंबर १९६१ रोजीं, नाताळच्या दिवशीं, वारले.

हाच रस मेंदूंतहि कार्य करितो. मेंदूच्या तळाजवळील एका लहान पेशीसमूहांतून निघालेले तंतु तो बाह्य पटलांत सर्वत्र पोहोंचवितात. आपण लक्ष देऊन ऐकतों वा पाहतों तेव्हां तो अधिक पाझरतो; मग त्या आवाजास वा दृश्यास मेंदूच्या पेशी अधिक स्पष्ट प्रतिसाद देतात, व बाकीचा गलबला मागें पडतो. आल्झायमर नांवाच्या स्मृतिनाशक रोगांत ह्याच समूहांतील पुष्कळ पेशी नष्ट होतात. त्यावरील कांहीं औषधें उरलेला रस लवकर विघटित होऊं देत नाहींत. एसेरीन ह्या द्रव्याची हीच करामत लोवींनीं १९२६ सालीं एका सहकाऱ्यासह दाखविली होती, आणि तीहि बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतूनच.