यंत्राच्या पोटातले यंत्र : ॲलन ट्युरिंग

गेल्या मे महिन्यात डिचोलीला आजोळी गेलो असताना मामांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क होती. आजोबांचा संगणक केव्हाच मोडीत निघाला होता. त्यातली एवढी वस्तू मामांनी जपून ठेवली होती.

आजोबा प्राथमिक शाळेत मराठी शिकवीत. पेडणे महालातील दशावतारी मंडळींशी त्यांचा मोठा घरोबा होता. जत्रांच्या दिवसांत ते रात्र रात्र जागत, आणि सकाळी घरी येऊन पाहिलेल्या आख्यानातले संवाद आठवतील तसे वहीत उतरवून काढीत. दशावतारात लेखी संहिता नसते. कथा ठरलेली असते, बोलणे मात्र त्या रात्रीचे. उजाडले की ते संपते. निवृत्तीनंतर, १९९९च्या सुमारास, त्यांनी एक संगणक विकत घेतला आणि एका बोटाने सारे टंकित केले. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरली ती ही डिस्क.

डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली तेव्हा सत्तावीस फाइली दिसल्या; पण उघडून पाहावे तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी. कारण साधे आहे. त्या काळच्या बहुतेक देवनागरी प्रणाली इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवीत. तो फाँट, ती प्रणाली असेल तरच मजकूर मराठी. नाहीतर सगळाच कचरा. प्रत्येक भारतीय अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था घरोघरच्या यंत्रांत रुळायला आणखी काही वर्षे जावी लागली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ‘नुडी’ आणि ‘बरह’मधल्या जुन्या फाइलींमुळे ही डोकेदुखी ठाऊक असेलच. आजोबांची प्रणाली विंडोज ९८ खाली चालणारी, आणि आजचे यंत्र तिला दारातही उभे करीना.

मार्ग काढला तो मामांच्या मुलीने. ती अभियांत्रिकी शिकते. तिने डिस्कवरचा सगळा ऐवज जसाच्या तसा एका मोठ्या फाइलीत उतरवून घेतला, आपल्या लॅपटॉपवर आभासी यंत्र निर्माण करणारी एक प्रणाली चालू केली आणि ती फाइलच त्या आभासी यंत्राची डिस्क म्हणून दिली. पहिल्या चार वेळा ते अडखळले. पूर्वीच्या संगणकात असलेले कुठलेसे कार्ड ते शोधत होते. पाचव्या वेळी मात्र आधुनिक पडद्यावरच्या एका चौकटीत विंडोज ९८चे निळे आकाश आणि ढग उगवले. लॅपटॉप लिनक्सवर चालत होता, आणि त्याच्या पोटात आजोबांचा संगणक जिवंत झाला होता. पोटातल्या त्या प्रणालीला आपण कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ता नव्हता. आपल्यापाशी खरा प्रोसेसर आहे, खरी डिस्क आहे, अशीच तिची समजूत.

मामांनी चष्मा पुसला आणि विचारले, की एक यंत्र दुसरे यंत्र होऊ शकते हे पहिल्यांदा सुचले कुणाला. मी गणिताचा माणूस. उत्तर मला ठाऊक होते, पण ओसरीवर बसून नीट सांगता आले नाही. ते येथे जरा सवडीने सांगतो.

ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचा जन्म लंडनमध्ये २३ जून १९१२ रोजी झाला. घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध जवळचा. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. ॲलनचे बालपण मात्र इंग्लंडात, सेंट लेनर्ड्स येथील एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबात गेले. आईवडील नोकरीनिमित्त इकडे, मुले तिकडे. साहेबाच्या राज्याची किंमत साहेबाच्या मुलांनीही थोडीफार मोजली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१९२६ साली शेरबर्नच्या शाळेत दाखल व्हायचे त्याच वेळी इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला आणि गाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा ॲलन साउदॅम्प्टनहून सायकलने निघाला आणि सुमारे साठ मैल कापून शाळेत हजर झाला. शाळेत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अक्षर गचाळ, आणि ओढा गणिताकडे असला तरी तो शिक्षकांच्या वाटेने चालणारा नव्हे. तेथे त्याला ख्रिस्तोफर मॉरकम हा एक मित्र मिळाला. दोघे विज्ञानावर तासन् तास बोलत. फेब्रुवारी १९३० मध्ये मॉरकम क्षयाने गेला. ट्युरिंगच्या मनातून तो शेवटपर्यंत गेला नाही. देह गेल्यावर मनाचे काय होते, मन हे देहाहून वेगळे काही आहे काय, हे प्रश्न त्यांना तेव्हापासून चिकटले, असे मला वाटते.

१९३१ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि १९३५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तेथेच फेलो झाले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत त्यांनी हिल्बर्ट यांचा एक प्रश्न ऐकला : कोणतेही गणिती विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवून देणारी एखादी ठरीव रीत असू शकते काय? आता ठरीव रीत म्हणजे काय, हेच आधी सांगायला हवे. ट्युरिंगनी एका कारकुनाची कल्पना केली. त्याच्यापुढे चौकोन आखलेली लांबच लांब कागदी पट्टी. एका वेळी एकच चौकोन पाहायचा, त्यातले चिन्ह वाचायचे, पुसायचे किंवा नवे लिहायचे, आणि एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकायचे. कोणत्या स्थितीत काय करायचे याचा एक मर्यादित तक्ता त्याच्यापाशी. बुद्धी लागते ती एवढीच. म्हणून हे काम यंत्र करू शकेल.

बेरजेचे यंत्र वेगळे, गुणाकाराचे वेगळे, कारण तक्ते वेगळे. पण तक्ता म्हणजे तरी काय? चिन्हांची एक ओळ. मग ती ओळच पट्टीवर लिहून दुसऱ्या एका यंत्रापुढे ठेवली तर? ट्युरिंगनी असा एक तक्ता रचून दाखविला, की तो वापरणारे यंत्र पट्टीवर लिहिलेल्या कोणत्याही दुसऱ्या यंत्राचे वर्णन वाचते आणि पायरी पायरीने ते यंत्र जे करील तेच करते. याला ते सार्वत्रिक यंत्र म्हणत. आमच्या दशावतारातला नट पहाटेपर्यंत ज्या पात्राचे सोंग अंगावर येईल ते होतो, तसेच हे. फरक एवढाच, की नटाला आपण सोंग घेतले आहे हे कळत असते.

१९३६ सालच्या त्या निबंधात हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. अशी सर्वसमर्थ रीत असूच शकत नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी थोडे आधी वेगळ्या वाटेने तेच गाठले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान ट्युरिंगना निर्भेळ मिळाला नाही. पण चर्च यांच्या मांडणीत यंत्र नव्हते. आज जगभर फिरणारे प्रत्येक गणकयंत्र या निबंधातल्या सार्वत्रिक यंत्राचाच नमुना आहे, आणि हे यंत्र निबंधात मूळ प्रश्न सोडविण्याचे एक साधन म्हणून आले होते, ही मला नेहमीच मौजेची गोष्ट वाटते. पुढे दोन वर्षे ते चर्च यांच्याकडेच प्रिन्स्टनला राहिले, १९३८ मध्ये डॉक्टरेट घेतली, आणि जॉन फॉन नॉयमन यांनी देऊ केलेली जागा नाकारून मायदेशी परतले. (प्रिन्स्टनचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेला गेले होते, ते गणकयंत्रांचाच अभ्यास करण्यासाठी.)

४ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे हजर झाले. जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचा भेद करण्याचे काम पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच पुष्कळ पुढे नेले होते, आणि जुलै १९३९ मध्ये त्यांनी आपले सर्व ज्ञान ब्रिटिशांच्या स्वाधीन केले होते. गोष्टी सांगताना या पोलिश मंडळींना लोक विसरतात. तसे होऊ नये. ट्युरिंगनी जे यंत्र आखले आणि गॉर्डन वेल्चमन यांनी सुधारले, त्याचे नाव बॉम्ब. पहिला बॉम्ब मार्च १९४० मध्ये बसला. नेहमीच्या नमुन्याच्या एका बॉम्बमध्ये ३६ एनिग्मा यंत्रांच्या प्रतिकृती एकत्र फिरत. ब्रिटिश यंत्राच्या पोटात छत्तीस जर्मन यंत्रे! संदेशात अमुक शब्द असणार असा तर्क धरायचा, आणि चाकांची कोणती मांडणी त्या तर्काशी विसंगत ठरते ते या प्रतिकृतींकडून काढून घ्यायचे. बाकी राहील ते माणसांनी तपासायचे. जर्मन नौदलाचे संकेत सर्वांत अवघड. ते काम ट्युरिंगच्या आठ क्रमांकाच्या झोपडीकडे होते. अटलांटिकमधून ब्रिटनला येणारे अन्न आणि तेल पाणबुड्यांपासून वाचविण्यात या झोपडीचा वाटा मोठा होता.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा पुष्कळ आहेत. परागांचा त्रास टाळण्यासाठी गॅसचा मुखवटा चढवून सायकल चालविणे, चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवणे, चांदीच्या लगडी जमिनीत पुरून जागाच विसरणे. मला त्यांपेक्षा त्यांचे धावणे अधिक महत्त्वाचे वाटते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली.

युद्धानंतर राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी एका खऱ्या गणकयंत्राचा आराखडा केला. कामात दिरंगाई झाली आणि १९४८ मध्ये ते कंटाळून मँचेस्टरला न्यूमन यांच्याकडे गेले. तेथे त्याच वर्षी २१ जूनला, स्वतःच्याच स्मृतीत साठवलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राने पहिली आज्ञावली पार पाडली होती. १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्यांनी यंत्र विचार करू शकते काय, हा प्रश्न घेतला. माणसाची बेमालूम नक्कल करणारे यंत्र विचार करते असे का म्हणू नये, हा त्यातला रोख. याच सुमारास त्यांनी बुद्धिबळाची एक आज्ञावली रचली, पण ती चालविण्याजोगे यंत्रच हाताशी नव्हते. मग १९५२ मध्ये ते स्वतःच यंत्र झाले. कागदावरच्या आज्ञा एकेक पाळत, प्रत्येक चालीला अर्धा अर्धा तास घेत, एका सहकाऱ्याशी ते डाव खेळले आणि हरले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या घरी चोरी झाली. ते पोलिसांकडे गेले. चौकशीत एका तरुणाशी असलेले त्यांचे संबंध उघड झाले, आणि फिर्यादीचा आरोपी झाला. पुरुषांतील असे संबंध इंग्लंडात १८८५च्या कायद्याने गुन्हा होते. ट्युरिंगनी काही लपविले नाही. ३१ मार्च १९५२ रोजी ते दोषी ठरले. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरकांचे उपचार घ्यायचे, ही अट त्यांनी पत्करली. शरीर बदलले, गुप्त कामाचा परवाना गेला. ते मात्र प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके कसे उमटतात याचे गणित मांडीत राहिले. ८ जून १९५४ रोजी ते घरी मृत आढळले. आदल्या दिवशीच प्राण गेला होता. कारण सायनाइड. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ते कधी मानले नाही. प्रयोग करताना निष्काळजीपणाने विष पोटात गेले असावे, असे ती म्हणे.

त्या माउलीने १९५९ मध्ये मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. पण युद्धात त्याने काय केले ते तिला लिहिता आले नाही, कारण ब्लेचलीचे गुपित १९७४ पर्यंत फुटले नाही. एका माणसाच्या आयुष्याची फाइल होती, पण ती वाचायची प्रणालीच कुणापाशी नव्हती. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर माफी मागितली, २०१३ मध्ये राजमाफी मिळाली, आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. आपल्याकडे प्रौढांचे असे खाजगी संबंध गुन्ह्यातून मुक्त करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापर्यंत थांबावे लागले. आपल्या वर्गांतही या भयाखाली बसलेली मुले होती. आम्ही अध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

ट्युरिंगनंतर दहा-बारा वर्षांनी अमेरिकेत आयबीएमच्या संशोधकांनी एका मोठ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रे करून दाखविली; १९७२ मध्ये ती सोय बाजारात आली, आणि घरगुती संगणकांसाठी १९९९ मध्ये. यात एक चलाखी आहे. ट्युरिंगचे सार्वत्रिक यंत्र दुसऱ्याची प्रत्येक पायरी स्वतः वाचून मग करते, म्हणून ते संथ. आजचे आभासी यंत्र पाहुण्या प्रणालीच्या बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर सोडून देते. डिस्क, स्मृतीची वाटणी अशा मालकी हक्काच्या आज्ञा आल्या की तेवढ्या मध्येच अडवून त्यांचे सोंग आपण वठविते. पाहुण्याला वाटते आपणच घरधनी.

डिचोलीला आम्ही चार दिवस बसलो. चौकटीत आजोबांचा मजकूर उघडायचा, मामांनी वाचायचा, आणि मुलीने शेजारच्या चौकटीत तो युनिकोडमध्ये उतरवायचा. मामा वाचताना मधेच आजोबांच्या आवाजात शिरत आणि संकासुराच्या एखाद्या बोलण्यावर मोठ्याने हसत. एकोणीस फाइली झाल्या. सात राहिल्या आहेत, आणि एक अजून उघडत नाही. तिच्या नावावरून ते पेडण्याकडच्या कुठल्याशा जत्रेतले आख्यान असावे. चवथीला पुन्हा बसणार आहोत.