अर्ध्या पेनीची सात नाणी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि पुढचं वाक्य स्टाफने वाचलं नाही तरी चालेल. मागच्या वर्षी मी फर्स्ट इयरच्या मुलींना पैसे घेऊन ड्रॉइंगच्या शीट काढून देत होते. मेसचं बिल, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स, कॅन्टीनची उधारी, घरी तरी किती वेळा मागणार? शिवाय संध्याकाळी दोन शाळकरी मुलांची ट्यूशन होतीच. हातात चार पैसे खेळायला लागले आणि माझा स्वतःचा मिनी प्रोजेक्ट मात्र कपाटावर धूळ खात पडला.

अशात मायकल फॅरडेचं चरित्र वाचण्यात आलं. आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना हा माणूस फक्त एक नियम म्हणून माहीत असतो, पाच मार्कांना येणारा. मला तो पहिल्यांदाच माणूस म्हणून भेटला, आणि तोसुद्धा पैशांची चणचण असलेला.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, पण कायम आजारी. १८०१ मध्ये धान्य महागलं तेव्हा लहानग्या मायकलला आठवड्याला एक पाव मिळायचा, तो त्याने आठवडाभर पुरवायचा! आपण मेसच्या पोळ्यांना नावं ठेवतो. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. १८०४ साली तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. लोकांकडे वर्तमानपत्रं पोचवायची आणि वाचून झाली की परत गोळा करून आणायची, हे काम. पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांसाठी बुकबाइंडिंगचा उमेदवार झाला. एरवी अशी उमेदवारी करायला मालकाला पैसे मोजावे लागत, रिबोने ते माफ केले.

दिवसभर पुस्तकं बांधायची आणि काम संपलं की तीच पुस्तकं वाचायची, असा त्याचा क्रम. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. हातात जी थोडीफार पेनी यायची ती रसायनं आणि काचेच्या बरण्यांवर खर्च व्हायची. संध्याकाळी टॅटम नावाच्या गृहस्थांची विज्ञानावरची व्याख्यानं असत, एका व्याख्यानाला एक शिलिंग. ते त्याला परवडणारं नव्हतं. लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावाने, रॉबर्टने, ते शिलिंग दिले.

मला सगळ्यात आवडला तो १८१२ च्या जुलैमधला किस्सा. मायकलला बॅटरी करायची होती. त्याने जस्ताच्या सात चकत्या कापल्या. तांब्याच्या चकत्या कुठून आणणार? त्याने अर्ध्या पेनीची सात नाणी घेतली, कारण ती तांब्याचीच असत! मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद ठेवले आणि एकावर एक रचले. तेवढ्याशा बॅटरीवर त्याने पुढचे प्रयोगही केले. पैसे खर्च करणारे पुष्कळ बघितले, पैशांचीच बॅटरी करणारा हा एकच.

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकलने नोट्स काढल्या, नीट लिहून आकृत्या काढल्या, स्वतः बाइंड केल्या आणि डेव्हीला पाठवल्या. पोटासाठी शिकलेलं बाइंडिंग इथे कामी आलं. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनीसाची जागा मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग आणि वर राहायला दोन खोल्या. त्यातूनही तो आईला मदत करायचा आणि धाकट्या बहिणीच्या शाळेचा खर्च बघायचा.

आता खरी गोष्ट. पुढे फॅरडे नावाजलेला रसायनतज्ज्ञ झाला. मग बाहेरची कामं येऊ लागली. कुणाला नमुने तपासून हवेत, कुणाला कोर्टात तज्ज्ञाची साक्ष हवी. इन्स्टिट्यूशनचा पगार होता वर्षाला १०० पौंड, आणि १८३० मध्ये या बाहेरच्या कामांतून मिळाले १००० पौंड. म्हणजे जोडधंदा पगाराच्या दहापट!

आणि नेमकं २९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडली की दुसरीजवळची सुई क्षणभर हलायची. आपण लॅबमध्ये ज्या ट्रान्सफॉर्मरवर रीडिंग घेतो, त्याचं मूळ हेच. ऑक्टोबरमध्ये त्याने चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वाहणारा करंट मिळवला, तो पहिला जनरेटर.

दिवसाचे तास तेवढेच. एक तर नमुने तपासायचे, नाहीतर ही सुई का हलते ते शोधायचं. त्याचा सहकारी आणि चरित्रकार जॉन टिंडल याने नंतर फॅरडेच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या. १८३२ मध्ये बाहेरची कमाई १५५ पौंडांवर आली, १८३७ मध्ये ९२ पौंड आणि १८३८ मध्ये शून्य. काम यायचं थांबलं नव्हतं, त्याने घेणं थांबवलं होतं.

पण त्याने सगळंच सोडलं असंही नाही. वुलविचच्या लष्करी अकादमीतली ठराविक व्याख्यानं चालू ठेवली आणि १८३६ पासून दीपगृहांच्या कामात सल्ला दिला. दोन्हीचे पैसे घेतले. त्याला मूलबाळ नव्हतं म्हणून जमलं, असंही कोणी म्हणेल. असेल. तरी हजार पौंड सोडायला हिंमत लागतेच. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला तेव्हा श्रीमंत नव्हता. सरकी त्याने आधीच नाकारली होती.

पुस्तक मिटलं आणि मी माझी वही काढली. शीटचे पैसे एका बाजूला लिहिले आणि त्यात गेलेल्या रात्री दुसऱ्या बाजूला. ट्यूशन ठेवली, तिची वेळ ठरलेली असते आणि शिकवताना माझंही गणित पक्कं होतं. शीट बंद केल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यात मेसचं बिल उशिरा भरलं आणि कॅन्टीनकडे फिरकलेच नाही. पण कपाटावरचा प्रोजेक्ट खाली उतरला. हाताने फिरवायचा छोटासा जनरेटर आहे, जोरात फिरवला की एक एलईडी लागतो. सध्या तेवढंच.

आणि फर्स्ट इयरच्या मुलींनो, शीट तुम्हीच काढा. अडलं तर माझ्या रूमवर या, शिकवायचे पैसे घेणार नाही!